बोरखडीचा दगड

अहो, सोमवारी त्या म्युझियमवाल्यांची पुन्हा मेल आली. तुम्ही गेल्याचं त्यांना कुणी कळवलेलं नव्हतं, त्यामुळं तुमच्याच नावानं आली. नेहमीसारखी गोड आणि नेहमीसारखी चिकट. विहिरीतला तो हिरवा नमुना आम्हाला देण्याचा विचार यंदा तरी झाला का, अशी विचारणा. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतात, 'बाई, लिहून टाक, मालक गावाला गेलेत.' इतकी वर्षं त्या जर्मन लोकांना आपण हेच कळवत आलो. मी सवयीनं तेच लिहायला घेतलं आणि अर्ध्यात थांबले. कॉम्प्युटर बंद करून गॅलरीत जाऊन बसले. हर्सूलच्या तलावाकडून वारा येत होता आणि मला तुमचा भयंकर राग आला होता.

दगड तिथंच होता. हॉलमधल्या कपाटावर, माझ्या जुन्या सुती साडीच्या फडक्याखाली. त्याचं काय करायचं ते आता मला एकटीला ठरवायचं होतं. आयुष्यभर मी म्हणाले, देऊन टाका. तुम्ही म्हणालात, एक तरी इथं राहू दे. आता मला अडवणारं कुणी नव्हतं, आणि नेमका आताच माझा धीर होत नव्हता. भांडायला समोर माणूस नसला की आपण बरोबर आहोत की चूक हेच कळेनासं होतं.

ऐकणाऱ्याला वाटेल, उलट असायला हवं होतं. तुम्ही दगड परदेशी धाडणारे व्यापारी, मी शाळेत भूगोल शिकवणारी. व्यापाऱ्यानं विकायला बघावं आणि बाईनं माती, माती करावं. आपल्या घरात सगळा कारभार उलटा होता. गिऱ्हाईक दारात आलं की तुम्ही चार गोष्टी लपवून ठेवायचात आणि मी त्या आतून आणून दाखवायचे. 'हिला शाळेतनं सुट्टीच देऊ नका,' असं तुम्ही माझ्या हेडबाईंना खरोखर जाऊन सांगितलं होतंत.

बोरखडीची विहीर खणायला घेतली तेव्हा आपलं लग्न नवं होतं. तुम्ही शहरात एका वर्कशॉपात लेथवर होतात आणि धाकटे भाऊ भानुदासभावजी गावाकडची जमीन बघत होते. माझं माहेर गंगापूरकडचं. काळी माती पुरुषभर खोल, विहीर खणली की पाणी हे मला गृहीतच. सिल्लोडच्या डोंगराकडेला बोरखडीत पहिल्यांदा आले तेव्हा वीतभर मातीखाली नुसता खडक पाहून मी तुम्हाला विचारलं होतं, इथं पिकतं काय? तुम्ही म्हणालात, 'माणसं.' नव्या नवरीपुढं मोठे शहाणे झाला होतात.

सुरुंगाचा धूर निवला आणि यारीनं मोठी बादली वर काढली, तो दिवस मला स्वच्छ आठवतो. खालून कुणीतरी ओरडलं, 'गार लागली, गार!' पाणी नव्हे, चकाकणारा दगड. खडकात एक पोकळी फुटली होती, माणूस उकिडवा बसेल एवढी, आणि तिच्या आतल्या सगळ्या अंगानं स्फटिक. अर्धा गाव बघायला जमला. भानुदासभावजी मात्र मातीच्या ढिगावर पाठ करून बसले होते. 'पाणी लागलं तर सांगा. काचा नका दाखवू मला,' एवढंच म्हणाले. तुम्ही तो एक दगड धोतराच्या पानात गुंडाळून एसटीनं शहरात आणलात, मांडीवर घेऊन. कंडक्टरनं विचारलं तर म्हणालात, देव आहे.

विहिरीला पाणी लागलं नाही ते नाहीच. पण अजिंठ्याच्या पायथ्याशी पर्यटकांना असले दगड विकणारे लोक होते, त्यांना तुम्ही आपला दगड दाखवलात, त्यांनी एका परदेशी माणसाशी गाठ घालून दिली, आणि बघता बघता लेथ सुटली. खाणीखाणीतनं, विहिरीविहिरीतनं हिंडून दगड गोळा करणं, दात घासायच्या ब्रशनं ते धुणं, पेट्यांत भरून बंदराला पाठवणं, यातच पुढचा सगळा जन्म गेला. एकाच विहिरीतनं एका भावाला काही मिळालं नाही आणि दुसऱ्याचा धंदा उभा राहिला. हे आपण दोघं कधी मोठ्यानं बोललो नाही. भानुदासभावजी दिवाळीला यायचे, हसायचे, जेवायचे, फक्त हॉलमध्ये नेहमी कपाटाकडं पाठ करून बसायचे. तुम्ही खुर्ची हलवून बघितलीत, तर ते सतरंजीवर बसले.

मी वर्गात हेच शिकवत होते. आपल्या पायाखाली लाव्हाचे थरावर थर, आणि त्या थरांत वायूचे बुडबुडे राहून गेलेल्या पोकळ्या. पुढं कढत पाणी झिरपत आलं आणि त्यानं कित्येक पोकळ्यांत स्फटिक भरले. पाणी साठायला खडकात जागा लागते, आणि बोरखडीच्या मांजऱ्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या खडकातली जागा फार पूर्वीच भरून गेलेली होती. त्याच खडकाचा भुगा होऊन काळी माती झाली, मातीत कापूस झाला. कुठल्या देशानं जगाला काय विकायचं हे पायाखाली ठरतं, असं मी फळ्यावर लिहायचे. वाळवंटाखाली तेल म्हणून त्यांनी तेल विकायचं, आपल्याकडं काळा खडक म्हणून आपण कापूस विकायचा. ते घरी सांगितलं की तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणायचात, 'पायाखाली काय आहे त्याला कुणी विचारत नाही, बाई. बंदर किती लांब आहे ते विचारतात.'

तिथंच आपल्या भांडणाला तोंड फुटायचं. तुमच्या धंद्यात प्रत्येक दगडासोबत एक चिठ्ठी जायची: दगडाचं नाव आणि तो कुठं सापडला ते ठिकाण. ठिकाणाशिवाय दगडाला किंमत नाही, हे तुम्हीच मला सांगितलंत. आणि मग सगळ्या चिठ्ठ्यांवर बिनदिक्कत 'जळगाव' लिहायचात! फुलंब्रीकडचा दगड जळगाव, वैजापूरचा जळगाव, आपल्या बोरखडीचासुद्धा जळगाव. माझ्यासारख्या नकाशे काढून आयुष्य घालवलेल्या बाईच्या डोळ्यांदेखत! मी चिडले की तुम्ही शांतपणे सांगायचात, 'ते जळगाव ओळखतात. मुंबई ओळखतात, पुणे ओळखतात. जिथं रेल्वे थांबते ते नाव समुद्रापर्यंत पोचतं. सिल्लोडला रूळच नाही, तर बोरखडी कोण वाचणार?' वर पुन्हा, खरं ठिकाण लिहिलं तर उद्या दुसरा व्यापारी त्याच विहिरीवर जाऊन उभा राहील, हेही होतंच.

तुमचं म्हणणं धंद्याच्या हिशेबानं खरं होतं, म्हणून तर मला जास्त राग यायचा. आपल्या कापसाचं तेच, आल्याचं तेच, मोसंबीचं तेच. चांगला माल निवडून बाहेर जातो आणि जाता जाता वाटेत त्याचं गाव गळून पडतं. खडक मिळणं न मिळणं आपल्या हातात नाही, पण नाव तर आपल्या हातात आहे ना, असं मी म्हणायचे. शहराचं नाव बदललं तेव्हा तुम्ही आठवड्याच्या आत नवीन रबरी शिक्का करून आणलात. मी म्हटलं, अख्ख्या शहराचं बदलता येतं, मग एका खेड्याचं आहे तेच लिहायला काय जातं? तुम्ही शिक्का फुंकून वाळवत म्हणालात, 'तुझं ते भूगोलाचं पुस्तक घाल चुलीत.' आपल्याकडं तेव्हा चूल नव्हती, गॅस होता. तेही मी लगेच लक्षात आणून दिलं.

पैठणचा मुद्दा काढला की मात्र तुम्हाला जड जायचं. दोन हजार वर्षांपूर्वी पैठणहून अकीक बैलगाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जायचा आणि तिथनं जहाजानं पश्चिमेला. तो अकीकही याच काळ्या खडकाच्या पोकळ्यांतला, म्हणजे आपल्या दगडाचा लांबचा भाऊच. 'बघा,' मी म्हणायचे, 'तेव्हा कुठली रेल्वे होती? तरी परक्या व्यापाऱ्यांनी पैठणचं नाव लिहून ठेवलं.' तुम्ही विचार करून म्हणायचात, 'पैठण राजधानी होती. बोरखडी राजधानी कर, उद्यापासनं लिहितो.'

आणि तो कापसाचा घोटाळा आठवतो? धंद्याच्या सुरुवातीचे दिवस. भानुदासभावजी दगडाकडं बघायचे नाहीत, पण दर दिवाळीला आपल्या वावरातल्या कापसाचं एक गाठोडं घेऊन यायचे. 'दादा, तुझ्या काचांला लाव, फुटायच्या नाय,' म्हणून. तुम्ही तो कापूस किती मायेनं वापरायचात! दगडाला आधी पातळ कागद, त्यावर कापूस. आणि एकदा अख्खी पेटी परक्या बंदरात अडकली. दगड बिनधोक पास झाले, कापसात सरकी सापडली. दुसऱ्या देशात बी न्यायला परवानगी लागते हे आपल्या डोक्यातच आलं नव्हतं. मलासुद्धा नाही, आणि मी मुलांना कापूस कुठं कुठं पिकतो ते पाठ करून घेत होते. आपला कार्गोचा एजंट कपाळाला हात लावून म्हणाला, 'भाबी, पत्थर कू पासपोर्ट मिल गया, कपास कू नक्को बोले.' खडक आणि त्याच खडकाच्या मातीतला कापूस एका पेटीत बसून गेले होते, त्यातला एकच आत गेला. तुम्ही पोट धरून हसलात. मग मेडिकलमधून कापसाचे बंडल आणायला लागलात, पण भावाला काही सांगितलं नाहीत. भावजी गाठोडं आणत राहिले आणि आपल्याकडं उशा वाढत राहिल्या. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या डोक्याखाली त्यातलीच एक उशी होती. दवाखान्यातली तुम्हाला टोचायची, म्हणून मी घरून नेली होती.

त्या दवाखान्यातच तुम्ही ते बोललात. दुपारची वेळ होती, मी मोसंबी सोलत होते. तुम्ही डोळे उघडून म्हणालात, 'भानूनं अजून बघितला नाही.' मी विचारलं, काय? 'दगड.' मी म्हटलं, बरे होऊन घरी चला, मग दाखवू. तुम्ही मान हलवलीत, पण होय म्हणून की नाही म्हणून ते मला कळलं नाही. मग मोसंबीची एक फोड खाल्लीत, पुढची नको म्हणालात. त्यानंतर दगडाचा विषय निघाला नाही. पण मला तेव्हा कळलं की 'एक तरी इथं राहू दे' हे तुम्ही कशासाठी म्हणत होतात. देशासाठी नाही, गावासाठी नाही, एका माणसासाठी. तो दगड तुम्ही स्वतःचा मानलाच नव्हता. ज्याचा होता त्यानं एकदा वळून बघावं म्हणून अडवून धरला होता. मग एवढी वर्षं माझ्याशी एवढे मोठे मोठे मुद्दे कशाला काढलेत हो? सरळ सांगितलं असतंत तर मी एका शब्दानं भांडले नसते. खोटं कशाला बोलू, थोडी भांडले असते.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले तरी भानुदासभावजी मागं राहिले होते. म्युझियमची मेल आली त्या दिवशी संध्याकाळी ते हॉलमध्ये आले आणि कपाटासमोर बसले. पाठ करून नाही, समोर तोंड करून. म्हणाले, 'वहिनी, काढा बरं ते खाली.'

मी स्टुलावर चढले, त्यांनी खालून हात दिला. गॅलरीच्या दाराशी उजेड होता, तिथं टेबलावर दगड ठेवला आणि फडकं काढलं. तुम्हाला माहीत आहे कसा दिसतो ते. खाली फिकट गुलाबी पात्यांची दाटी आणि तिच्यावर उभे ते हिरवे, चौकोनी, आरपार दिसणारे खांब. ते वाकून बघत राहिले.

'हे व्हय?'

'हेच.'

'एवढंसं? मला वाटलं लई मोठं असंल.'

मग मी त्यांना ते सांगितलं, जे तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचात पण भावाला सांगू शकला नाहीत. या दगडात पाणी असतं. दिसत नाही, ओलं लागत नाही, पण त्याच्या घडणीतच बांधलेलं असतं, खूप तापवलं तर सुटतं. भावजींनी माझ्याकडं बघितलं, मग दगडाकडं. एक बोट त्या हिरव्या खांबावर ठेवलं, गार आहे का बघावं तसं.

'म्हंजे लागलं व्हतं की पाणी,' ते म्हणाले.

आणि अहो, तुमचा भाऊ रडला. तुमच्या मातीला डोळ्यांतून टिपूस न काढलेला माणूस टेबलाला धरून रडला. मी पाणी आणून दिलं. ते म्हणाले, 'दादाला वाटायचं मी त्याच्यावर रागावलोय. मी त्या विहिरीवर रागावलो व्हतो, वहिनी. दादावर कशाला? त्याचा धंदा चालला ते बरंच झालं की. पर तोंडानं बोलायचं राहूनच गेलं बघा.' म्हणून मी तुम्हाला आता सांगते आहे. तुमचा भाऊ तुमच्यावर रागावलेला नव्हता. कधीच नव्हता. हे तुम्हाला ऐकायला मिळायला हवं होतं आणि मिळालं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मेलचं मी त्यांना सांगितलं. ते लगेच म्हणाले, 'मग जाऊ द्या की. तिथं चार लोकं बघतील. इथं फडक्याखाली कोण बघतंय?'

'तुमचे दादा नको म्हणायचे.'

'माझ्यापायी नको म्हणत व्हता. आता बघितला मी.' मग त्यांनी विचारलं, 'चिठ्ठीवर काय लिवणार? जळगाव?'

मी चमकले. त्यांना माहीत होतं! इतकी वर्षं पाठ करून बसले होते, कान काही झाकलेले नव्हते. 'बोरखडी लिवा,' ते म्हणाले. 'विहिरीनं तेवढं तरी द्यावं गावाला.'

आज सकाळी मी म्युझियमला कळवलं. तुम्ही गेल्याचंही लिहिलं. त्या एका वाक्याला मला अर्धा तास लागला. नमुना पाठवत आहोत, पण काचेच्या कपाटात त्याच्याखाली आम्ही देऊ तेच गाव लिहिलं पाहिजे, अशी अट घातली. तासाभरात उत्तर आलं, आनंदानं मान्य. इतकं सोपं होतं, अहो. त्यांना बोरखडी वाचता येतं.

दुपारी बांधायला बसलो. हे काम दोन माणसांचं आहे हे मी विसरूनच गेले होते. एकानं दगड खालून उचलून धरायचा, दुसऱ्यानं भोवती कागद फिरवायचा, आणि मधे श्वाससुद्धा जोरात घ्यायचा नाही. धरायचं काम तुमचं. मी कागद कापून समोर बघितलं, तर पलीकडची जागा रिकामी. भावजींनी हात धोतराला पुसले आणि दगड उचलला. विहिरीतनं निघाल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या हातात आला. तुमच्यापेक्षा घट्ट धरतात. मी सांगितलं, भावजी, जरा हलका हात. ते म्हणाले, 'पडंल ना.' मी म्हटलं, पडत नाही, तुमचे दादा दोन बोटांवर धरायचे. हे खोटं होतं. तुम्हीही घट्टच धरायचात.

कागद झाला, कापूस झाला, मेडिकलमधलाच. त्यांच्या गाठोड्यातला का नको ते शेवटी मला सांगावं लागलं आणि आपल्या घरात एवढ्या उशा कशा झाल्या तेही. ते इतके हसले की मला दगडाची काळजी वाटली.

राहिली ती चिठ्ठी. तुमचाच पेन घेतला. दगडाचं नाव लिहिलं. खाली ठिकाण. मी लिहिलं: बोरखडी. आणि पेन उचलून थांबले. इथंच तुम्ही नेहमी मागून वाकून म्हणायचात, 'बाई, जळगाव लिही, ते ओळखतात.' माझं उत्तर तयार होतं, म्युझियमची मेलच. या वेळी तर असं उत्तर होतं की तुम्हाला पैठणपेक्षाही जड गेलं असतं.

'काय झालं, वहिनी?' भावजींनी विचारलं.

'काही नाही.'

खाली तालुका लिहिला, जिल्हा लिहिला. शाई वाळायला ठेवली. भांडण मी जिंकलं आहे, आणि चिठ्ठी तशीच समोर आहे, अजून पेटीत घातलेली नाही.

म्हणा ना, अहो. एकदा जळगाव म्हणा.